५३०डीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाशिकमध्येच उघडला (आणि एका डब्याची गोष्ट)

गोदाकाठ

मागे इथेच कुठल्यातरी धाग्यावर मी छातीठोकपणे लिहिलं होतं, "झेडएफचा बॉक्स आहे, त्याला काही होत नाही." ते वाक्य मागे घेतो.

गाडी बीएमडब्ल्यू ५३०डी, ई६० बॉडी, सेकंड हँड. तीन लिटर डिझेल, कंपनीचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५०० न्यूटन मीटर. गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, सहा गिअरचा, प्लेटवर ६एचपी२६. मागच्या दिवाळीत इंजिनाची ताकद वाढवणारा एक ट्यूनिंग डबा आणून लावला. डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत अडकवायचा, बास. विकणारा म्हणाला ६०० होईल. मुंबई नाक्यावरून सुटलो की मागचे लोक सीटला चिकटायचे. सहा महिने मजा केली.

मग एका रविवारी मुंबईहून परतताना कसारा घाटात, गाडीत पाच माणसं, तिसऱ्यातून चौथा पडताना आरपीएम एकदम वर उडाला आणि धप्पकन खाली आला. आधी वाटलं माझाच पाय जास्त दाबला गेला. इगतपुरीच्या अलीकडे तेच पुन्हा झालं. घोटीला डॅशबोर्डवर ट्रान्समिशनचा पिवळा दिवा आणि गाडीने अंग चोरलं. टोचन घेऊन आलेला माणूस पुढची चाकं उचलून ओढत न्यायला निघाला होता. त्याला हात जोडले. ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी. इंजिन बंद म्हणजे बॉक्समधला पंप बंद, आणि मागची चाकं फिरत राहिली तर आतलं सगळं कोरडं फिरतं. फ्लॅटबेड मिळायला तीन तास गेले.

तीन ठिकाणी दाखवली. एक म्हणाला नवा बॉक्स टाका. दुसरा म्हणाला कुर्ल्याहून वापरलेला आणतो. तिसरा म्हणाला तेल बदलून बघू. तिघांपैकी एकानेही कोणत्या गिअरला घसरते हे विचारलं नाही.

तर प्रश्न असा: हा बॉक्स नाशिकमध्ये उघडून, आधीपेक्षा मजबूत करून बसवता येईल का? कुणी केलंय?

---

सिन्नरी

ना भो, एवढ्या पैशात आमच्याकडे नवा ट्रॅक्टर येतो. पण धाग्यावर बसलोय. फोटू टाका.

---

पुणेरी पिस्टन

वापरलेला बॉक्स टाकून मोकळे व्हा. भारतात ६एचपी नीट उघडणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. हौसेला मोल नसतं हे खरं, पण गाडी रोज लागते ना तुम्हाला?

---

मायक्रॉनकाका

गोदाकाठ, घसरते कोणत्या गिअरला? पहिला, दुसरा, तिसरा आणि रिव्हर्स नीट चालतात का? एवढं सांगा, मग बोलू.

(पिस्टनराव, वापरलेला बॉक्स म्हणजे दुसऱ्याने घसरवलेला बॉक्स. तो का निघाला हे तुम्हाला कोण सांगणार?)

---

गोदाकाठ

काका, पहिला, दुसरा, तिसरा व्यवस्थित. रिव्हर्सही. चौथा, पाचवा, सहावा तिन्ही घसरतात. सहावा सगळ्यात वाईट.

---

मायक्रॉनकाका

मग उघडायच्या आधीच अर्ध निदान झालं.

या बॉक्समध्ये पाचच क्लच आहेत. ए, बी आणि ई हे फिरणारे, सी आणि डी हे ब्रेक. कोणताही गिअर म्हणजे यातले नेमके दोन धरलेले:

पहिला ए-डी, दुसरा ए-सी, तिसरा ए-बी, चौथा ए-ई, पाचवा बी-ई, सहावा सी-ई. रिव्हर्स बी-डी.

आता बघा. चार, पाच, सहा या तिघांत समान काय? ई. आणि ए, बी, सी, डी हे बाकीच्या गिअरांत नीट धरतायत. म्हणजे तुमचा ई गेला. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना बी सोडतो आणि ई धरतो. ई वेळेवर धरत नाही, म्हणून मधे इंजिन मोकळं सुटतं आणि आरपीएम उडतो. जुन्या ऑटोमॅटिक बॉक्सांत अशा जागी एकदिशा बेअरिंग असायचं, ते चूक सांभाळून घ्यायचं. यात नाही. एक क्लच सोडायचा आणि दुसरा धरायचा हे सेकंदाच्या छोट्या भागात दाबाच्या हिशोबावर चालतं. हिशोब चुकला की प्लेटा जळतात.

ईचं आणखी एक. ए आणि बी यांना टॉर्क पुढच्या प्लॅनेटरी सेटमधून (दातेरी चाकांच्या संचातून) येतो. ई इनपुट शाफ्टवरून थेट घेतो आणि सहाव्यात तर सगळा टॉर्क एकट्या ईवर. तुमचा सहावा सगळ्यात वाईट आहे तो म्हणूनच.

मी सातपूरला मायकोत (आताची बॉश) नोझल आणि इंजेक्टरवर आयुष्य काढलं. गिअरबॉक्स माझा धंदा नव्हता, पण बोअर (नेमक्या मापाचं भोक) आणि स्पूल (त्यात सरकणारा दांडा) दोन्हीकडे सारखेच. रिटायर झाल्यावर मुलाच्या गाडीमुळे यात पडलो. शनिवारी या, बघू.

---

मिशिगनचा नाशिककर

काका, सलाम. कॉलेज रोडवर सायकल पंक्चर काढणारा मुलगा आता डेट्रॉइटजवळ ट्रक दुरुस्त करतोय, त्यामुळे दोन शब्द.

इकडे ऑटोमॅटिक मजबूत करणं हा घराघरातला उद्योग आहे. जीएमचा टर्बो ४०० हा १९६४ पासूनचा बॉक्स, आजही ड्रॅग रेसच्या गाड्यांत बसतो. १९८२ साली आलेला ७००आर४ पुढे ४एल६०ई झाला. त्यात तिसऱ्या-चौथ्याचा क्लच ही कायमची दुखरी नस, आणि सन शेल नावाचा एक पत्र्याचा भाग. त्याचे स्प्लाइन (पकडीचे दात) सोलले की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम जातात, पहिला आणि तिसरा मात्र चालू राहतात. काकांनी आत्ता केली तीच वजाबाकी. नावंही साधी असतात. ४एल८०ई म्हणजे चार गिअर, गाडीच्या लांबीत बसवलेला, ताकदीचा आकडा ८०, इलेक्ट्रॉनिक.

इकडे कॅटलॉग उघडला की जाड शेल, जास्त प्लेटांचे पॅक, टणक शाफ्ट, सगळं ऑर्डर करता येतं. ६एचपीसाठी तेवढं नाही, पण वॉल्व्ह बॉडीचे (क्लचांना तेलाचा दाब वाटून देणारा भाग) सोनॅक्स कंपनीचे सुटे भाग मिळतात, चांगल्या फ्रिक्शन प्लेटा (क्लचमधल्या अस्तराच्या) मिळतात. काय हवं ते सांगा, लवकरच येतोय, बॅगेत आणतो. चिवड्याच्या जागी यंदा उलटा प्रवास.

---

खवय्या

शीर्षक वाचून वाटलं मिसळीच्या डब्याची गोष्ट आहे. असो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

गोदाकाठ

उघडला. अंबडमध्ये एका मित्राच्या शेडमध्ये, काकांच्या देखरेखीखाली. फोटो खाली दिलेत. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांनी तिसरा बघू नये.

तेल काळं आणि जळक्या पावाच्या वासाचं. पॅनमधल्या चुंबकांवर करड्या रंगाचा लगदा, बोटाला लोण्यासारखा. ई ड्रममधून फ्रिक्शन प्लेटा काढल्या तर दोन प्लेटांवरचं अस्तर गायब, उघडं लोखंड. मधल्या स्टील प्लेटांवर निळेकाळे डाग, गोल गोल, पोळीवर पडतात तसे. ए, बी, सी, डी पाहून आश्चर्य वाटलं. ते जवळपास नवे. काकांनी डोळे मिटून सांगितलेलं खरं ठरलं.

कन्व्हर्टरमधूनही (इंजिन आणि बॉक्स यांच्यामधला तेलाचा जोड) काळं तेल आलं. त्यातल्या लॉक-अप क्लचचं (दोघांना थेट जोडणारा) अस्तरही गेलंय असा अंदाज आहे.

माझा बेत असा: ईमध्ये एक प्लेट जास्त टाकायची. पाचाच्या सहा. वीस टक्के जास्त धरेल. बरोबर ना?

---

मायक्रॉनकाका

हिशोब बरोबर, बेत चूक. हे मी शेडमध्येही बोललो होतो, इथे सगळ्यांसाठी पुन्हा.

क्लच किती टॉर्क धरतो? घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, गुणिले घर्षणाचा गुणांक, गुणिले दाब देणारं बल, गुणिले सरासरी त्रिज्या. त्रिज्या ड्रमने ठरवलेली आहे. राहिले तीन. तुम्ही फक्त पहिल्याला हात घालताय, कारण तो दिसतो.

आता ड्रमची खोली तीच राहणार. समजा फ्रिक्शन प्लेट १.८ मिलिमीटर आणि स्टील २ मिलिमीटर. पाच-पाच म्हणजे ९ अधिक १०, एकूण १९. सहा फ्रिक्शन टाकल्या तर त्यांनीच १०.८ खाल्ले. स्टीलला उरले ८.२, सहांत वाटले तर एक स्टील जेमतेम १.४. गिअर बदलताना जी उष्णता तयार होते ती पहिल्यांदा स्टील पितं, कागदाचं अस्तर पीत नाही. तुम्ही ताकद वीस टक्के वाढवली आणि उष्णता पिणारं लोखंड अठरा टक्के कमी केलं. ड्रॅगच्या गाडीला चालेल, दहा सेकंदांत शर्यत संपते. तुम्हाला वणीच्या गडावर जायचंय.

---

मिशिगनचा नाशिककर

इकडे याच कारणाने एका बाजूलाच अस्तर असलेल्या प्लेटांचे पॅक निघालेत. प्लेटेचं लोखंडच स्टीलचं काम करतं, त्यामुळे त्याच जागेत जास्त पृष्ठभाग बसतात आणि लोखंडही कमी होत नाही. ४एल६०ईच्या त्या दुखऱ्या क्लचसाठी बरेच लोक वापरतात. पण काकांच्या मुद्द्याशी सहमत. आधी ई का जळला ते शोधा.

---

कॅलिब्रेशनवाली

इतके दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही. माझं रोजचं काम इंजिन कॅलिब्रेशनचं आहे.

गोदाकाठ, तुमचा ई क्लच कमकुवत नव्हता. त्याच्याशी खोटं बोललं गेलं.

गिअरबॉक्सचा कंट्रोलर क्लचवर किती दाब द्यायचा हे कशावरून ठरवतो? इंजिनचा कंट्रोलर त्याला सतत सांगत असतो, "मी आत्ता इतका टॉर्क देतोय." तो आकडा मोजलेला नसतो. किती डिझेल सोडलं, हवा किती आली, यावरून काढलेला असतो. तुमचा डबा काय करतो? रेल प्रेशर सेन्सरचं वाचन कमी करून दाखवतो. इंजिनाला वाटतं दाब कमी पडतोय, ते पंपाला दाब वाढवायला सांगतं, प्रत्यक्षात जास्त डिझेल जातं. पण इंजिनाच्या हिशोबात डिझेल तेवढंच आहे! म्हणून ते गिअरबॉक्सला प्रामाणिकपणे सांगतं, ५००. प्रत्यक्षात येतायत समजा ५९०. गिअरबॉक्स ५०० साठी लागेल एवढा दाब आणि थोडी राखीव एवढंच देतो. राखीव संपली की प्लेट घसरते.

घसरलं तर किती? ६०० न्यूटन मीटर आणि फक्त १०० आरपीएमची घसर धरा. १०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०.४७ रेडियन. गुणाकार केला तर सुमारे ६.३ किलोवॅट. बाथरूममधले तीन गिझर, एका जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत. घाटात चार मिनिटं.

याचा अर्थ असा की तुम्ही सहा काय आठ प्लेटा टाका, डबा तसाच ठेवला तर पुन्हा इथेच धागा काढाल.

---

गोदाकाठ

हे वाचून शेडमध्ये दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "मी नव्वद टक्के सांगितलं होतं, पोरीने उरलेलं सांगितलं." (ताई, हलकेच घ्या. त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी आहे.)

डबा काढलाय. पण मग ताकद वाढवायची तर कशी?

---

कॅलिब्रेशनवाली

मूळ ईसीयूमध्येच (इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये) नीट रिमॅप करणाऱ्याकडे, म्हणजे त्यातले आकडे बदलणाऱ्याकडे जा, आणि एकच प्रश्न विचारा: टॉर्कचं मॉडेल अपडेट करता का? "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. गिअरबॉक्सला खरा आकडा कळला तर तो स्वतःच दाब वाढवतो, गिअर बदलताना इंजिनाला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो. मर्यादाही पाळा. ६एचपी२६ला झेडएफने दिलेली मर्यादा ६०० आहे. त्याच्या आत, म्हणजे ५६० वगैरे, थांबा. आणि तो टॉर्क १८०० आरपीएमला एकदम ओतू नका, २२००च्या पुढे हळूहळू येऊ द्या. पाठीला कमी कळेल, क्लचला खूप कळेल.

---

पुणेरी पिस्टन

मग नुसतं लाइन प्रेशर (बॉक्समधल्या तेलाचा मुख्य दाब) सरसकट वाढवून ठेवलं तर? ट्रान्समिशनचं सॉफ्टवेअर बदलून देणारे आहेत.

---

मायक्रॉनकाका

सरसकट वाढवलं की पंप कायम जास्त ताकद खातो, तेल तापतं, सिग्नलला थांबल्यावरसुद्धा. हळू चालवताना प्रत्येक गिअर लाथ मारतो. आणि दाब वाढवायला सांगणं वेगळं, दाब क्लचपर्यंत पोहोचणं वेगळं. वाटेत गळती असेल तर?

तेच सांगायला आलोय. काल वॉल्व्ह बॉडी पूर्ण उघडली. स्पूल कडक ॲनोडाइझ केलेला, बोअर ॲल्युमिनियमचा, आणि तो स्पूल सेकंदाला कित्येक वेळा थरथरत असतो. बोअर एका बाजूने झिजतो. डोळ्याला काही दिसत नाही, नखालाही नाही. आम्ही जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर व्हॅक्यूम जिग केलंय: एका टोकाला गेज, स्पूल जागेवर ठेवायचा, भोकं रबराने बंद करायची आणि व्हॅक्यूम किती टिकतो ते बघायचं. बाकीचे बोअर छान धरले. प्रेशर रेग्युलेटरच्या बोअरवर काटा चढेचना.

म्हणजे डब्याने खोटं सांगितलं हे खरं, पण जो दाब मागितला गेला तोही पूर्ण मिळत नव्हता. दोन्ही मिळून ई जळला. मिशिगनकर, मोठ्या मापाचा वॉल्व्ह आणि त्याचा रीमर (भोक मापात मोठं करायचं हत्यार) असा संच मिळतो, तो घेऊन या. रीमर हाताने, भरपूर तेलात, एकाच दमात. मशीनवर लावायचा नाही. ते काम मी करीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

---

मिशिगनचा नाशिककर

ऑर्डर केलं. सोबत पूर्ण ओ-रिंग आणि सीलचा संच, आणि वॉल्व्ह बॉडी ते बॉक्स यांच्यामधले रबराचे पूल, वायरच्या सॉकेटची सील स्लीव्ह. ही स्लीव्ह या बॉक्सची कुप्रसिद्ध गळकी जागा आहे. उघडलंच आहे तर जुनी परत बसवायची नाही.

---

ओझरकर

एचएएलमध्ये हायड्रॉलिक्सवर होतो, ओझरला. मायकोवाल्यांच्या धाग्यावर बोलायचं धाडस करतो.

फोटोत शेडमध्ये कॉटन वेस्टचा बोळा दिसला. तो आधी बाहेर टाका. त्याचा एक धागा सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या वॉल्व्हच्या) जाळीत अडकला तर पुन्हा सगळं उतरवायचं. न झडणारं कापड घ्या, नसेल तर नुसत्या हवेने वाळवा. ग्राइंडर चालू असलेल्या शेडमध्ये वॉल्व्ह बॉडी उघडी ठेवायची नाही. थ्रस्ट वॉशर जागेवर चिकटवायला ग्रीस नको, ते विरघळत नाही आणि बारीक भोकं बंद करतं. साधं व्हॅसलीन वापरा, गरम तेलात निघून जातं.

आणि कूलर. जुन्या प्लेटांचा सगळा चुरा तेल-पाण्याच्या कूलरमध्ये जाऊन बसलाय. धुऊन निघत नाही. नवा घ्या. नव्या बॉक्सला जुन्या कूलरचं पाणी पाजलं म्हणजे... पुढचं तुम्हाला कळलं.

---

मायक्रॉनकाका

ओझरकर, ग्राइंडरचं मान्य. बोळा माझा नव्हता.

---

सिन्नरी

आमच्या शेजारच्यांची स्कॉर्पिओ ऑटोमॅटिक आहे, जुनी. गाडी इथेच नाशकात बनली पण तिचा बॉक्स ऑस्ट्रेलियाचा निघाला म्हणे, सहा गिअरचा. त्याचं तेल आजवर बदललंच नाही. शोरूमवाला म्हणाला होता आयुष्यभराचं आहे. खरं का?

---

मायक्रॉनकाका

कुणाच्या आयुष्यभराचं ते विचारा. झेडएफ स्वतः आपल्या बॉक्सांना ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदला म्हणते. शेजाऱ्यांना म्हणावं, तेलाचा रंग आणि वास बघा. लाल किंवा तांबूस आणि वास नसेल तर बदलून घ्या. काळं आणि जळकं असेल तर आधी माणूस गाठा, मग तेल.

जुन्या मिस्त्रींचा एक ठोकताळा आहे: ८० अंशांच्या वर तेल गेलं की दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. आजची सिंथेटिक तेलं बरीच पुढे गेलीत, पण दिशा तीच.

---

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी अपडेट. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

कन्व्हर्टर मुंबईला पाठवला. लेथवर कापतात, आतलं लॉक-अपचं अस्तर नवं चिकटवतात, पुन्हा वेल्ड करून बॅलन्स करतात. परत आला, रंगवलेला, चकाचक. काकांनी अंबडला डायल लावून हबचं रनआउट (फिरताना किती डुलतो ते) बघितलं तर ०.४ मिलिमीटर. पाव मिलिमीटरच्या आत हवं. हा हब पंपाच्या बुशमध्ये फिरतो, तो डुलला की बुश आणि सील दोन्ही खातो. परत पाठवला. तिकडून फोन आला, "साहेब, एवढं कोण बघतं?" मी फोन काकांच्या हातात दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ०.१.

ईमध्ये प्लेटांची संख्या मूळचीच ठेवली. नव्या, जास्त तापमान सोसणाऱ्या फ्रिक्शन, सगळ्या स्टील नव्या. फ्रिक्शन रात्रभर तेलात भिजत घातल्या, साबुदाण्यासारख्या. क्लिअरन्स (प्लेटांमधली मोकळी जागा) मोजायचा कामचलाऊ नियम असा की दर फ्रिक्शनमागे पाव मिलिमीटर. आमचा जास्त निघाला, म्हणजे पिस्टनला जास्त अंतर कापावं लागणार आणि धरायला उशीर होणार. जास्त जाडीची टोकाची प्लेट आणून सातपूरला सरफेस ग्राइंडरवर घासून घेतली. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्या ऑपरेटरने चहासुद्धा विचारला नाही.

मग प्रत्येक क्लचला कॉम्प्रेसरची हवा, दोन-तीन बारच, जास्त नाही. "ठक" असा स्वच्छ आवाज आला की पिस्टन आणि सील ठीक. बीला "फुस्स" आलं. उघडलं, सीलची कड दुमडलेली. नवी घातली. तो आवाज ऐकला नसता तर गाडीखाली झोपून तोच बॉक्स आठवड्यात परत उतरवला असता.

वॉल्व्ह बॉडीचं काम काकांनी एका बसणीत केलं, पंखा बंद, फोन बंद. त्यानंतर व्हॅक्यूम गेजचा काटा चढला आणि तिथेच राहिला. काका त्या काट्याकडे बघत राहिले, नातवाच्या मार्कशीटकडे बघावं तसे.

या बॉक्सचा कंट्रोलर वॉल्व्ह बॉडीवरच, तेलात बुडालेला असतो. त्यामुळे तो हाताळताना अंगातली स्थिर वीज आधी लोखंडाला हात लावून उतरवायची, पिनांना बोट लावायचं नाही. आणि तेल जास्त तापलं तर तोही शिजतो. म्हणून पुढे हवेचा वेगळा कूलरही टाकला, थर्मोस्टॅटसह, नाहीतर डिसेंबरात सकाळी तेल तापतच नाही.

तेल भरणं हा वेगळाच सोहळा. कोरड्या बॉक्सला साधारण नऊ लिटर लागतं. पॅन काढून बदलता तेव्हा निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरांतून एकदा फिरवून, तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांत असताना, बाजूच्या भोकातून बारीक धार येईपर्यंत. मे महिन्यात नाशिकला दुपारी शेडच ४० अंशांची. सकाळी सहाला केलं, तरी दोनदा थांबून गार होऊ द्यावं लागलं.

---

सिन्नरी

साबुदाण्यासारख्या!! भो, आता उपासाला तुमची आठवण येणार.

---

खवय्या

शेवटी धाग्यात खाणं आलंच. मी म्हणत नव्हतो?

---

कॅलिब्रेशनवाली

अॅडाप्टेशन रीसेट केलंत का? कंट्रोलरच्या डोक्यात अजून जुन्या जळक्या प्लेटांची मापं आहेत. ती पुसा आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर हलक्या पायाने, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत पुन्हा पुन्हा. तो प्रत्येक क्लच किती तेलाने भरतो, कधी धरतो हे शिकत असतो. त्या काळात एखाद-दुसरा झटका बसला तर घाबरू नका.

---

गोदाकाठ

केलं ताई. पहिल्या दिवशी दुसरा-तिसरा जरा आपटत होता. गंगापूर रोडवरून धरणापर्यंत आणि परत, चार संध्याकाळी तेवढंच. पाचव्या दिवशी गिअर बदललेलं कळेनासं झालं. बायको म्हणाली, "आता बरी चालते, मग आधी काय हौस होती?" उत्तर दिलं नाही.

रिमॅपवाल्याला तो टॉर्क मॉडेलचा प्रश्न विचारला. पहिल्याने विषय बदलला. दुसऱ्याने स्क्रीन फिरवून टेबल दाखवलं. दुसऱ्याकडून केलं, ५५०वर थांबवलं.

काल पाच माणसं घेऊन वणीला गेलो, सप्तशृंगीच्या घाटात मुद्दाम दुपारी. तेलाचं तापमान स्कॅनरवर ९१ला थांबलं, वर पोहोचून पार्किंग शोधेपर्यंत ८६. आधी डबा असताना किती जायचं हे मी कधी बघितलंच नव्हतं. चौथा, पाचवा, सहावा, एकदाही आरपीएम उडाला नाही. नांदुरीला उतरल्यावर खाली वाकून बघितलं, स्लीव्हची जागा कोरडी.

एकच बारीक खोड राहिलीय: थंड असताना, पहिल्या एक-दोन मिनिटांत, साठच्या आसपास लॉक-अप लागताना हलकी थरथर. गरम झाल्यावर जाते.

---

मायक्रॉनकाका

नवं अस्तर बसतंय. हजार किलोमीटर झाले की सांगा. तेव्हाही असेल तर तेल पुन्हा बदलू. तसंही पहिलं तेल लवकर काढायचंच होतं, चुंबकावर काय जमा झालंय ते मला बघायचंय.

---

ओझरकर

चुंबकाचा फोटो टाका. आणि त्या फोटोत मागे कॉटन वेस्ट दिसता कामा नये.

---

नवा सभासद: टायगर_फॉर्च्युनर

पूर्ण धागा वाचला, एक नंबर. तो जुना ट्यूनिंग डबा विकायचा आहे का? माझ्या फॉर्च्युनर ऑटोमॅटिकला बसेल का?

---

गोदाकाठ

पूर्ण धागा वाचलात?